पेशीतला बंब

आत्याला विसरायला व्हायला लागलं त्या पावसाळ्यात मी भलत्याच उत्साहात होते. लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? देवासच्या एका शाळेत मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते आणि पेशीतल्या माइटोकॉन्ड्रियांनी मला पुरतं झपाटलं होतं. सुट्टीच्या दिवशी इंदूरला जाऊन एका कॉलेजच्या वाचनालयात मी इंग्रजी मासिकं चाळत बसायची. मधुमेह आणि अल्झायमर, या दोन्ही रोगांच्या मुळाशी ही चिमुकली माइटोकॉन्ड्रियाच असावीत, अशी शंका तेव्हा बरेच संशोधक बोलून दाखवत होते. आणि माझ्या घरातल्या एकाच माणसाला दोन्ही! मधुमेह तर होताच, आता विसरणंही सुरू झालं. माझा आनंद बघून नवरा म्हणाला, "अगं, तुझी आत्या आजारी आहे. तुला लॉटरी नाही लागलेली." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, कारण तो खरं बोलला होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. धारला मुलींच्या शाळेत उभी हयात जीवशास्त्र शिकवलं. सगळं गाव तिला बेनजी, म्हणजे बहनजी, म्हणायचं. बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मला शाळेसाठी तिच्याकडे ठेवलेलं. दोन खोल्यांचं घर, पुढे ओसरी आणि ओसरीच्या भिंतीवर तिने स्वतः रंगवलेला काळा फळा. घरात ती जुनं मराठी बोलायची, 'न्याहारी' आणि 'उदईक'वालं. फळ्यापुढे उभी राहिली की हिंदी, आणि रागावली की माळवी.

माइटोकॉन्ड्रिया मला तिनेच शिकवली, तीही परसातल्या तांब्याच्या बंबापुढे. नव्वद-एक्क्याण्णवचा हिवाळा असेल. अंघोळीचं पाणी तापायची वाट बघत मी कुडकुडत घोकत होते, "माइटोकॉन्ड्रिया को कोशिका का बिजलीघर कहते हैं, माइटोकॉन्ड्रिया को कोशिका का..."

आत्या बंबात दाणे काढलेली मक्याची कणसं टाकत होती. ती वळून म्हणाली, "धारला दिवसातून चारदा बत्ती जाते. तुझं बिजलीघर काय कामाचं? इकडे ये, हा बंब बघ. तू न्याहारी केलीस ती ही कणसं. श्वास घेतलास ती ही खालून जाणारी हवा. दोन्ही आत भेटली की ऊब मिळते. असे बंब एका पेशीत शेकड्यांनी असतात गो! आणि सगळ्यात जास्त कुठे? जिथे काम जास्त तिथे. हृदयात. आणि इथे." असं म्हणून तिने राखेने माखलेल्या बोटाने माझ्या कपाळावर टिचकी मारली. "मेंदू वजनाला एवढासा, पण सगळ्या घराच्या सरपणातला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. म्हणून सांगते, उपाशीपोटी अभ्यासाला बसू नकोस."

हे शेवटचं वाक्य तिचं आहे, माझं नव्हे. वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं. मी मात्र त्या सकाळी कपाळावर राखेचा ठिपका घेऊनच शाळेत गेले आणि वर्गात सगळ्यांना बंब समजावून सांगितला. जीवशास्त्रच शिकवायचं हे त्याच दिवशी ठरलं.

पुढे मी इंदूरला एमएस्सी केलं आणि लग्न होऊन देवासला आले. नवरा तिथल्याच एका कारखान्यात. आई-बाबा दादाकडे पुण्याला गेले. आत्या निवृत्त झाली आणि त्याच वर्षी तिला शुगर निघाली. तिने गोड सोडलं, सकाळची गोळी धरली आणि धार काही सोडलं नाही. दुपारी चारला ओसरीवर मुली शिकवणीला यायच्या. शाळेतले सगळे नियम तिने घरी आणले होते. फळ्यावरची आकृती जशीच्या तशी उतरवायची, पेन्सिलीनेच काढायची, आणि उजव्या कोपऱ्यात तारीख घालायची. तारीख नसली तर पुरी आकृती रबराने खोडायला लावायची. मी लहानपणी या तारखेपायी किती रडले असेन! पण ही तिची खोड पुढे आम्हाला अशी काही कामाला आली की मी आजही माझ्या मुलींना तारीख घालायला लावते.

गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी देवासला फोन वाजला. पलीकडून अनोळखी आवाज. "दीदी, मैं ऑटोवाला बोल रिया हूँ, बेनजी के घर से. आपका नंबर दीवाल पे लिखा था."

झालं होतं ते असं. आत्या भर दुपारी आपल्या जुन्या शाळेत गेली, अकरावीच्या वर्गात शिरली, शिकवणाऱ्या बाईंच्या हातातून खडू घेतला आणि पेशीची आकृती काढायला लागली. अर्ध्यावर अडली. घामाने निथळत होती, हात कापत होते आणि त्या बाईंनाच दरडावत होती, "तू कोण? माझ्या वर्गात काय करतेस?" निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली होती. शेवटी शिपायाने ऑटो बोलावला.

"पर फिकर की कोई बात नी दीदी," ऑटोवाला म्हणाला. "मैंने चौराहे पे कड़क-मीठी चाय पिला दी, दो कट. फिर तो बेनजी खुद रस्ता बताने लगी, के इधर से मोड़ भिया, उधर गड्ढा है."

मी त्याचे पुष्कळ आभार मानले. चहाचं वाक्य मात्र या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "दिवाळीला येतो. घराला कुलूप लावतो आणि आत्याला पुण्याला घेऊन जातो. यावर चर्चा नको." दादाचं तरी काय चुकलं? धारच्या डॉक्टरांनीही मान हलवून सांगितलं होतं की वय आहे, शुगर आहे, अल्झायमरची सुरुवात असू शकते. मी भीतभीत आत्याला फोन करून पुण्याचं विचारलं. ती म्हणाली, "पुण्यात मला बेनजी कोण म्हणणार?"

तिला कुणी हलवू नये असं काहीतरी मला दिवाळीच्या आत शोधायचं होतं, आणि माझ्याजवळ शोधायला फक्त माइटोकॉन्ड्रिया होती.

दसऱ्याची सुट्टी लागताच मी टिपणांची पिशवी घेऊन धार गाठलं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलाने परदेशातून बोटाच्या थेंबावर साखर मोजायचं यंत्र पाठवलं होतं, तेही मागून घेतलं. त्याच्या दोनच पट्ट्या शिल्लक होत्या. इंदूरला बस बदलताना मी पिशवी छातीशी धरून उभी होते.

पोचल्या पोचल्या मी ओसरीवर आत्याला समोर बसवलं आणि फळ्यावर सुरू झाले. "बघ आत्या! स्वादुपिंडाच्या पेशीतली माइटोकॉन्ड्रिया साखर जाळतात, त्या ऊर्जेने इशारा होतो आणि मग इन्सुलिन सुटतं. ती मंदावली की इशारा लंगडा पडतो. इकडे स्नायूंतली मंदावली की साखर जळत नाही, रक्तात साचून राहते. हा झाला मधुमेह. आता मेंदू! तिथले बंब म्हातारे झाले की ऊब कमी आणि धूर जास्त. त्या धुराने बंबच आणखी खराब होतात आणि पेशी एकेक करून विझतात. हा अल्झायमर. म्हणजे रक्तात साखरेचे ढीग आणि मेंदू उपाशी! दोन रोग नाहीतच, बंब एकच!"

मला धाप लागली होती. आत्याने चष्मा पुसला. "हें सिद्ध झालंय की संशय आहे?"

"संशय आहे. पण जबरदस्त संशय!"

"मग 'असावं' म्हण. 'आहे' म्हणू नकोस."

मी खडूने मोठं 'असावं' लिहिलं आणि पुढे धावले. "आणि गंमत म्हणजे ही सगळी माइटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. बापाची मुलांत उतरत नाहीत. तुला तुझ्या आईची मिळाली, बाबांनाही तीच मिळाली. पण बाबांची बाबांपाशीच थांबली."

आत्या फळ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या आईची ही ओळ माझ्यापाशी संपली. तुझ्यात त्यातलं एकही नाही."

मी जीभ चावली. उत्साहाच्या भरात मी कुणापुढे काय बोलत होते! पण तिला एकदम हसू आलं. "बरंच झालं. माझे बंब धुरकट निघाले. तुझ्यात तुझ्या आईचे आहेत, आणि ती बाई अजून तीस वर्षांपूर्वीची भांडणं तारीखवार सांगते."

मग विषय बदलायला तिने मुलींच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "डोळे दुखतात माझे. एवढं तपासून दे."

तो रविवार होता. मी वह्या तपासायला बसले आणि तिसऱ्याच पानावर हात थांबला. माइटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणाला घड्या असतात, त्या आकृतीत नव्हत्याच. एका पेशीच्या आकृतीत केंद्रक पेशीच्या बाहेर पडलं होतं. मला वाटलं, पोरगी बावळट आहे. दुसरी वही उघडली. तिथेही केंद्रक बाहेर, त्याच तारखेला. तिसऱ्या वहीत तसंच. मुलींनी नियमाप्रमाणे फळा जसाच्या तसा उतरवला होता, चुकीसकट! म्हणजे आत्याच चुकली होती. मी रडवेली होऊन पान उलटलं, तर दुसऱ्या दिवशीची आकृती अशी सुंदर की पुस्तकात छापावी. घडी अन् घडी जागेवर. मग आणखी पाच दिवस सगळं ठीक. सातव्या दिवशी पुन्हा गोंधळ.

मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तारखा लावत गेले. सोमवार. सोमवार. सोमवार. श्रावणापासून एकही चुकीची आकृती दुसऱ्या वारची नव्हती. शाळेत जाऊन गोंधळ घातला तो दिवस काढला, तोही सोमवार! अल्झायमरला वार कुठून कळणार? कुठल्या रोगाला पंचांग वाचता येतं?

"आत्या!" मी अशी ओरडले की शेजारची बाई गच्चीवरून डोकावली. "सोमवारी तू करतेस काय?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सोळा सोमवार धरलेत. अकरा झाले."

"कशासाठी?"

"विसरायला व्हायला लागलं होतं गो. उन्हाळ्यात एकदा तुझ्या बाबांचं नाव आठवेना. मी ज्याला कडेवर घेऊन हिंडवलं, त्याचं नाव! फार भ्याले. कुणाला सांगायचं? शंकराला सांगितलं. श्रावणात धरले, आपल्या श्रावणात, इथल्या पंधरा दिवस आधीच्या नव्हे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी हळूच विचारलं, "आणि सोमवारी गोळी?"

"ती नेमाने सकाळीच घेते. औषधाने उपास मोडत नाही."

"आणि जेवण?"

"सायंकाळी, पूजा झाल्यावर." आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "पण गुण येतोय हो! तुला म्हणून सांगते. दुपारी डोक्यात नुसतं धुकं असतं. पण संध्याकाळी चूर्म्याचा प्रसाद तोंडात टाकला की पाव घटकेत लख्ख! दर सोमवारी! देव पावतोय, आणखी काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. चूर्मा म्हणजे कणीक, तूप आणि गूळ. गूळ! "अगं तो देव नाही, तो गूळ आहे!" मी किंचाळलेच. ऑटोवाल्याचा कडक-मीठा चहा आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरला. तिची गोळी रक्तातली साखर उतरवायची, आणि उतरवायची ती जेवणाच्या भरवशावर. जेवणच नाही, तर दुपारपर्यंत मेंदूच्या बंबात टाकायला कणीस उरत नव्हतं. स्मरण राहावं म्हणून धरलेला उपास दर सोमवारी तेच स्मरण विझवत होता. आणि मी, एमएस्सी झालेली बया, माइटोकॉन्ड्रियांच्या आजीपणजीपर्यंत पोचले होते, पण जेवलीस का हे विचारलं नव्हतं! ऑटोवाल्या भियाने दोन कट चहात जे केलं, ते माझ्या पिशवीभर टिपणांना जमलं नव्हतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "गुळात देव नसतो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" असं म्हणून थोडा वेळ रुसून बसली. पण ती जातीची शिक्षिका. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "संशय की सिद्ध?"

"संशय."

"मग उदईक सोमवार आहे. प्रयोग कर. नेहमीसारखं सगळं होऊ दे."

आज मी असला प्रयोग कुणावर करणार नाही, कुणाला करूही देणार नाही. त्यात जिवाला धोका असतो. पण तेव्हा मी सत्ताविशीत होते आणि ती हट्टी होती. सकाळपासून मी गुळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे मागे फिरत होते. चारला मुली आल्या. आत्याने खडू उचलला. पेशीची बाहेरची रेघ काढली, केंद्रक काढलं ते रेघेच्या बाहेर, आणि थांबली. कपाळावर घाम. मी यंत्र घेऊन पुढे गेले तर माझ्याकडे परक्यासारखं बघत ओरडली, "तू कोण? शिपायाला बोलवा!"

मुलींनी धीर सोडला नाही. दोघींनी तिचा हात धरला, "कुछ नी बेनजी, मच्छर काटे जित्ता." मी थेंब घेतला. आकडा आला बेचाळीस; सत्तरच्या खाली गेला की धोका. मी तांब्या तिच्या ओठांशी नेला, तर तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. "उपास आहे माझा!" मला विसरली होती, पण उपास विसरली नव्हती! मी विनवण्या केल्या, रागावले, रडले. ओठ काही उघडेनात. तेव्हा एक मुलगी पुढे आली, पाणी वाटीत ओतलं, वाटी कपाळाला लावली आणि शांतपणे म्हणाली, "बेनजी, परसाद है."

आत्याने उजवा तळवा खोलगट करून पुढे केला. घोट घोट करत ती सगळं प्यायली.

आम्ही सगळ्या तिच्याभोवती जमिनीवर बसून राहिलो. पाच मिनिटं. दहा. घाम सुकला. तिने चष्मा नीट केला, फळ्याकडे पाहिलं आणि कडाडली, "ये किसने बनाया? केंद्रक बाहर? और तारीख कहाँ है?"

मुलींनी असा काही गलका केला की रस्त्यावरचे लोक थांबले. मी तर नाचलेच. हो, ओसरीवर, पदर खोचून! दुसरी पट्टी लावली, आकडा एक्क्याण्णव. आत्याने दोन्ही आकडे तारखेसकट फळ्यावर लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ मारली. "सिद्ध," ती म्हणाली. मग जरा थांबून, "निदान सोमवारपुरतं तरी." आणि मुलींकडे वळली. "लिखो सब. आज बेनजी ने क्या गलती की, वो लिखो. गोली भूखे पेट नहीं. पहले खाना, फिर गोली." मी तिला बंबापुढच्या त्या वाक्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मी तिला तेव्हाच्या तेव्हा वरण-भात वाढला, आणि तिने तो मुलींच्या देखत, फळ्याखाली बसून खाल्ला.

संध्याकाळी मात्र ती देवापुढे जाऊन बसली. मला वाटलं थकली असेल. पण तिच्या मनात दुसरंच होतं. "पाच सोमवार उरले," ती म्हणाली. "संकल्प अर्धवट राहिला. देवाला तोंड कसं दाखवू?" ती खरोखर घाबरली होती. डोक्याला पटलं होतं, पण भीतीला पटलं नव्हतं. मला भीती वाटली की मी देवासला गेले की ही पुन्हा उपास धरेल, किंवा उपासासाठी गोळी सोडेल. तिला विज्ञान पुष्कळ सांगून झालं होतं. तिला आता संकल्प पुरा झालेला हवा होता.

"मी करते उरलेले," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

"तू? तुला तर अकरा वाजता भूक लागते!"

"घरातल्या कुणीही पुरे केले तर चालतात की नाही?"

दुसऱ्या दिवशी तिने देवळातल्या भटजींना विचारलं. चालतात म्हणाले. मग ती डॉक्टरांकडे गेली आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी गोळी कमी केली, न्याहारीबरोबर घ्यायला सांगितली आणि तिला चांगलं फैलावर घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आप तो पढ़ी-लिखी हैं ना?"

आता माझे पाच सोमवार! देव मानायचा की नाही यावर मी आयुष्यभर भांडत आलेली, आणि देवासच्या शाळेत रिकाम्या पोटी बारावीला श्वसन शिकवत होते. दुपारी दोनला मला फळा हलताना दिसायचा. तिसऱ्या सोमवारी मी एका मुलीला तिने उत्तर बरोबर दिलं म्हणून रागावले. नवरा देवासच्या देवीच्या टेकडीकडे हात करून म्हणायचा, "देवी बघतेय हं, चोरून काही खाऊ नकोस." संध्याकाळी कशीबशी पूजा करून मी चूर्मा खायची, आणि खरं सांगते, गूळ पोटात गेला की डोकं असं उजळायचं की आत्याला त्यात देव दिसला यात मला नवल वाटेनासं झालं.

आणि बरोबर त्याच वेळी धारहून फोन यायचा. "जेवलीस का?"

"जेवले आत्या."

"पोटभर?"

"पोटभर."

मग फोन ठेवायची. एका सोमवारी लाइन लागली नाही, तर माझं 'जेवले' ऐकल्याशिवाय ती रात्रीचं ताट तसंच झाकून बसली होती, हे मला शेजारणीकडून कळलं. त्यानंतर मी सोमवारी फोनजवळून हलायचीच नाही.

दिवाळीला दादा पुण्याहून आला, सोबत भलंमोठं नवं कुलूप घेऊन. त्याने आत्याची बारीक परीक्षा घेतली. तिने त्याला त्याच्या मुंजीतला रुसवा, आठवीतले गणिताचे गुण आणि पुण्याला जाताना धारच्या बसस्टँडवर विसरलेली वळकटी, सगळं सांगितलं. सोमवारी दुपारी त्याला मुलींच्या मागे बसवलं, वही दिली आणि म्हणाली, "तारीख घाल." दादाने मुकाट्याने तारीख घातली. जाताना त्याने ते कुलूप परसातल्या बंबाच्या खोलीला लावलं, कारण आणलेली वस्तू परत नेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. किल्ली आत्याच्या हातात दिली. मी बसस्टँडपर्यंत त्याच्या मागे हसत गेले. माझी आत्या धारमध्येच राहिली होती!

त्यानंतर ती सात वर्षं बेनजी राहिली. सात वर्षं! दर वर्षी मधुमेहाचा धडा आला की ती फळ्यावर ते दोन आकडे लिहायची आणि आपल्या चुकीची गोष्ट सांगायची. ऐकलेल्या मुलींतली एक नर्स झाली, तिने पत्रात लिहिलं होतं की पेशंटच्या हातात गोळी ठेवण्याआधी ती ताट बघते.

पण त्या उन्हाळ्यात बाबांचं नाव आठवलं नव्हतं, तेव्हा आत्याचा उपास नव्हता. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. 'निदान सोमवारपुरतं तरी' ती उगाच म्हणाली नव्हती. ते दुसरं विस्मरण हळूहळू येत राहिलं, त्याला वार नव्हता. शेवटी मी तिला देवासला घेऊन आले. माझी मासिकं चालूच होती. धुरकट बंब पुन्हा पेटवता येतात का यावर कुठे काही छापून आलं की मी अजूनही अधाशासारखी वाचते, आणि समासात 'असावं' लिहिते.

देवासला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती मला ओळखेनाशी झाली. दिवसभर शांत असायची. संध्याकाळी ताट पुढे आलं की मात्र घास घ्यायची नाही. दाराकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "काय झालं, का जेवत नाही?"

"देवासला एक मुलगी आहे," ती मला म्हणाली. "माझ्यापायी उपाशी राहिलीय. तिला आधी विचारा, जेवलीस का म्हणून."

मी तिच्यासमोर बसले होते, हातात तिचं ताट घेऊन, देवासमध्येच. मला रडू आवरेना. मी सांगायचा प्रयत्न केला की अगं मीच ती. तिने विश्वास ठेवला नाही, ताट सरकवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मी शहाणी झाले. बाहेरच्या खोलीत जाऊन फोन उचलायची, तिला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलायची आणि परत यायची.

"विचारलं. जेवली ती."

"पोटभर?"

"पोटभर."

मग ती पहिला घास घ्यायची. सगळं ताट संपवायची, आणि हात धुऊन झाल्यावर तळवा माझ्यापुढे करायची, गोळीसाठी.